ऐब सांगून सतरंज्या विकणारी फिरदोस

आमच्या माडीवर दोन वर्षं भाड्याने राहिलेली फिरदोस स्वतःच्या मालाची बदनामी करून तो विकायची. खोटं वाटत असेल तर तिच्या दुकानाचं इंटरनेटवर पान आहे, ते उघडून बघा. सतरंजीचा फोटो असतो, गच्चीवर सकाळच्या उन्हात काढलेला, बघत राहावा असा. आणि खाली लिहिलेलं असतं: "डावीकडला निळा पट्टा मधातच पातळ झाला आहे. एका कोपऱ्यात गाठ दिसते. पहिल्या धुण्यात लाल रंग सुटेल. ज्याला चालेल त्यानंच घ्यावी."

आणि लोक घ्यायचे! नुसते घ्यायचे नाहीत, तुटून पडायचे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अगं बाई, गवळण कधी आपलं ताक आंबट आहे म्हणते का?"

"काकू, आमच्या बाळापूरच्या बाजारात असंच चालते," ती म्हणाली. "ऐब आपण सांगा, खुबी गिऱ्हाइकाले सापडू द्या. अब्बू चाळीस सालांपासून असंच विकून राहिले."

अब्बू म्हणजे तिचे वडील. बाळापूरला घरातच त्यांचा माग आहे. आई लहानपणीच गेली, त्यामुळे बाप आणि लेक एवढंच कुटुंब. पूर्वी लग्नाच्या पंगतींना, भजनी मंडळांना, शाळांना सतरंज्या लागत. मग बोंडअळीनं कपाशी खाल्ली, लग्नं पुढच्या सालावर गेली, आणि झाली त्या लग्नांत मंडपवाल्यांनी प्लॅस्टिकच्या चटया अंथरल्या. बाजारात दिवसभर बसून अब्बू संध्याकाळी होत्या तेवढ्या सतरंज्या घेऊन घरी येऊ लागले. तेव्हा एम.बी.ए. करायला अमरावतीला आलेल्या या पोरीनं सतरंज्या मोबाइलवर विकायला काढल्या.

आता मी कोण, तेही सांगते. मी निवृत्त गणिताची शिक्षिका. तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, त्यामुळे जीभ जरा फटकळ आहे. गल्लीत मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. अशा माझ्या घरी ही पोरगी खोली बघायला आली. एक पेटी, खांद्यावर तीन सतरंज्या. मी नियम सांगायला तोंड उघडलं तर हीच म्हणाली, "काकू, पहिले माझे ऐब सांगून देते. मी फोनवर लय जोरानं बोलते. माझ्या हातून दूध हमखास उतू जाते. अन् माझा पसारा जिन्यापर्यंत येते."

"आणखी?"

"आणखी तुमी शोधा."

तीस वर्षांत स्वतःच्या चुका आधी सांगणारा विद्यार्थी मला भेटला नव्हता. मी तिथल्या तिथे किल्ली दिली. सांगितलेले तिन्ही ऐब शंभर टक्के खरे निघाले, हे वेगळं सांगायला नको. दूध तर इतक्या वेळा उतू गेलं की खालची मांजरं जिन्यातच मुक्कामाला आली.

तिचा दिवस बघून मलाच धाप लागायची. सकाळी कॉलेज. दुपारी सतरंज्या गुंडाळायच्या, पत्ते लिहायचे, पार्सलं टाकून यायची. संध्याकाळी एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात फोन. "हो दादा, वाकडीच आहे. हो, फोटोत दिसते त्याहून जास्त वाकडी आहे. नाही, कमी होत नाही ती." मी खाली भाजी चिरत ऐकायचे आणि एकटीच हसायचे.

एकदा तर कहरच केला. परीक्षा दुसऱ्या दिवशी, आणि दुपारी ही रडवेली होऊन खाली आली. पार्सलात कागद भरताना हिनं स्वतःच्या नोट्सच भरल्या होत्या. पार्सल नाशिकला पोचलंसुद्धा. मी म्हटलं, "गेलं वर्ष पाण्यात." पण हिनं त्या नाशिकच्या बाईंना फोन लावला. बाई इतक्या भल्या की त्यांनी चुरगळलेले कागद सरळ करकरून दोन तास फोनवर वाचून दाखवले. वर म्हणाल्या, "तुमचा तिसरा मुद्दा मला पटला नाही." फिरदोसनं तो मुद्दा बदलून लिहिला आणि त्या पेपरात वर्गात पहिली आली.

तिच्या सरांना मात्र ती झेपत नव्हती. प्रकल्प होता 'ऑनलाइन मार्केटिंग' असा. सर म्हणत, मालाची बलस्थानं लिही. हिनं पहिलं प्रकरण लिहिलं, 'मालातील दोष'. सरांनी लाल रेघ मारली. हिनं पुन्हा तेच लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या व्यवसायाचं वैशिष्ट्य सांगा." ही म्हणाली, "सर, पहिले खराबी सांगू?" परीक्षक जाताना दोन सतरंज्या घेऊन गेले. सरांनी घरी जाऊन काय केलं ते कळलं नाही.

मग चिखलदऱ्याच्या एका हॉटेलवाल्याची मागणी आली. हिनं एका सतरंजीखाली लिहिलं होतं, "शेवटचा लाल पट्टा चालता चालता रस्ता चुकला आहे." त्या माणसाला ती इतकी आवडली की त्यानं तशाच दहा मागितल्या. अगदी तशाच, रस्ता चुकलेल्या!

मला हसू आवरेना. "कर्म माझं! चाळीस वर्षं सरळ विणणारा माणूस आता वाकडं कुठून शिकणार? त्यांना क्लास लावावा लागेल."

मला वाटलं, ही लोळून हसेल. ती हसली नाही. "विणतीन ते," एवढंच म्हणाली आणि गॅलरीत जाऊन बापाला फोन लावला. ती जोरात बोलते, म्हणून मला ऐकू आलं. "अब्बू, दहा पाहिजेत. नेहमीसारख्या. हो, बस नेहमीसारख्याच." वाकड्या हा शब्द तिनं उच्चारला नाही. मला तेव्हा जरा विचित्र वाटलं, पण कुकरची शिट्टी झाली आणि मी विसरले.

एम.बी.ए. संपता संपता तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. ऑनलाइन मार्केटिंगचीच. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मी शिरा केला, गल्लीत वाटला. आणि ही बया बुधवारी म्हणते, "पाहून राहिली काकू." गुरुवारी म्हणते, "विचार करून राहिली." शुक्रवारी कळलं की अकोल्याच्या एका कॉलेजात तासावर शिकवायचंही तिच्या डोक्यात आहे. तासावर! म्हणजे शिकवाल तेवढा पगार, आणि उन्हाळ्यात घरी बसा.

माझं डोकं तापलं. "अगं, लोकांची पोरं पुण्याला जायला देव पाण्यात घालून बसतात. तुझ्या अब्बूंना तरी माहीत आहे का हे?"

"ते तर म्हणतात जाय."

"मग अडलं कुठं?"

त्यावर ही पार्सलावर पत्ता लिहायला लागली. फिरदोसनं उत्तर टाळलं म्हणजे नक्कीच काहीतरी होतं. ती दर रविवारी बाळापूरला जायची. या रविवारी मीही पिशवी उचलली. म्हटलं, बापासमोरच विचारते.

बस मूर्तिजापूरच्या पुढे गेली तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत बोलायला लागली. हळू आवाजात. इतकं हळू बोलता येतं तिला, हे मला त्या दिवशी कळलं.

"काकू, अब्बूले काळा मोतीबिंदू आहे. सूत आणाले अकोल्याले जातो म्हणतात अन् डोळ्याच्या डॉक्टरकडं जातात. मले कुर्त्याच्या खिशात चिठ्ठी सापडली. मी डॉक्टरले जाऊन भेटली. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. औषधाचे थेंब टाकून उरली तेवढी राखायची."

"त्यांनी तुला सांगितलं नाही?"

"नाही. मलेही माहीत नाही असंच मी दाखवते. त्यांच्या हातून पट्टा सुटते काकू, त्यांले समजत नाही. एखाद्यानं शिव्या देऊन माल वापस केला असता ना, तर त्यांनी माग मोडून चुलीत घातला असता. म्हणून मी आदीच सांगून टाकते. मग वापस कोणी करत नाही." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "तुमी काही बोलू नका बरं, काकू. तुमाले माह्या गळ्याची शपथ."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

बाळापूरला अब्बूंनी दारातच "या बाई, या" केलं. उंच, वाळका माणूस, पांढरी दाढी, बोलणं खणखणीत. फिरदोस कुणावर गेली ते लगेच कळलं. ओसरीत माग, आणि बाजूला सुताचे गठ्ठे ओळीनं मांडलेले. प्रत्येक गठ्ठ्याच्या टोकाला गाठी मारलेल्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन.

फिरदोस चहा करायला आत गेली, तसे अब्बू खाट सरकवून जवळ आले. आवाज एकदम खाली. "बाई, तुमी शिकेल-सवरेल आहात. तिले पुण्याले धाडा. मले आता रंग उमगत नाही. लाल अन् कत्थई मले एकच दिसते. तिले माहीत नाही, अन् तिले सांगूही नका. समजलं तर ती हलणार नाही इथून."

"मग विणता कसं तुम्ही?"

त्यांनी गठ्ठ्यांकडे हात केला आणि चेहरा खुलला. "अल्लाची मेहेरबानी पाहा. पोरगी दर इतवारी येते अन् सुताले गाठी मारून जाते. लालले एक, निळ्याले दोन, हिरव्याले तीन. माल मोजाची नवी रीत आहे म्हणते, एम.बी.ए.त शिकवली. तिले काय माहीत, ते माह्याच कामाची निघाली म्हणून! मी बोटानं चाचपतो अन् विणतो."

आत स्टोव्हवर दूध उतू गेल्याचा वास आला.

फिरदोस चहा घेऊन बाहेर आली. अब्बूंनी डोळ्यांनी मला खूण केली, बोलू नका. पोरीनं डोळ्यांनी मला खूण केली, बोलू नका. आणि दोघं माझ्या दोन बाजूंना बसून पावसापाण्याच्या गप्पा मारू लागले. खोटं सांगत नाही, एक गुपितही माझ्या पोटात तासभर टिकत नाही. इथे तर दोन होती, आणि दोन्ही एकच. अर्धा कप कशीबशी गप्प राहिले. मग कप ठेवला.

"अहो, तिला तुमच्या डोळ्यांचं माहीत आहे," मी म्हटलं. "आणि अगं, रंग उमगत नाहीत हे त्यांनी आत्ताच मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि तुझं पुण्याचं का अडलंय ते त्यांनाही आता कळू दे. दोघंही एकमेकांपासून लपवताय आणि मधे मी येडी बसले आहे. घ्या, बोला आता. आणि चहात साखर नाही."

बाहेर एक फेरीवाला ओरडत गेला. मला वाटलं, धरणी दुभंगावी. शपथ मोडली होती, तीही दुसऱ्याच्या घरात बसून. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नाही.

"कधीपासून?" अब्बूंनी विचारलं.

"दोन साल झाले," फिरदोस म्हणाली.

"अन् ते गाठीचं? कॉलेजातलं?"

"नाही शिकवत कॉलेजात."

अब्बूंनी दाढीवरून हात फिरवला. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "मंग तर तू जायच पुण्याले! म्हाताऱ्यासाठी कोणी नोकरी सोडते काय?"

"तुमच्यासाठी नाही सोडून राहिली," तीही तेवढ्याच आवाजात ओरडली. आता बाप-लेक खरे शोभत होते. "मले दुसऱ्याचा माल खोटं बोलून विकाचा नाही. सकाळी अकोल्यात तास घेईन, दुपारून सतरंज्या विकीन. पगार कमी आहे, मले माहीत आहे. नोकरी पक्की नाही, तेही माहीत आहे. रोजची बस आहे. पण मले हेच आवडते, अब्बू. मले विचारा तर खरं एकदा, काय आवडते ते!"

अब्बू उठले, भिंतीला हात लावत मागापाशी गेले, आणि बसले. मला वाटलं, झालं, रागावले. फिरदोसही तशीच बसून राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून.

त्यांनी सुताचा एक गठ्ठा उचलला. टोकाची गाठ त्यांच्या बोटाजवळच होती. ती त्यांनी चाचपली नाही. गठ्ठा तसाच लेकीच्या दिशेनं वर धरला.

"बेटा, ये कौनसा रंग है?"

फिरदोस उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "लाल, अब्बू."

"और ये?"

"हरा."

मी कप गोळा केले आणि विसळायला आत गेले. पाण्याच्या आवाजातही तिचं एकेक रंग सांगणं मला ऐकू येत होतं, कारण ती पुन्हा जोरात बोलायला लागली होती.