कालोजेरोच्या घरचं पाणी

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सकाळी कालोजेरोच्या गॅरेजमध्ये टोमॅटोच्या अठरा पाट्या रचलेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत वर्षभराचा सॉस बाटल्यांत जाऊन बसायचा होता. हॅमिल्टनमधल्या त्या सिसिलियन गल्लीत या दिवशी कोणी आजारी पडत नसे आणि कोणी लग्नही करत नसे. नेमकी त्याच दिवशी त्याची मुलगी ग्रात्सिएला विद्यापीठातल्या आपल्या प्रयोगशाळेतून बोटभर उंचीच्या काही नळ्या घेऊन आली.

“सोमवारी नगरपालिकेची माणसं येणार आहेत,” ती म्हणाली. “पाण्यात शिसं असलं की ही नळी हिरवी चमकते. मला न चमकणारं पाणी हवंय, तुलना करायला. तुझ्यापेक्षा खात्रीचं घर कुठलं?”

कालोजेरो खूश झाला. चाळीस वर्षं त्यानं प्लंबरचं काम केलं होतं. या गल्लीतले शिशाचे जुने पाइप उपटून तांब्याचे त्यानंच घातले होते, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती.

“आणि चमकवतं कोण?”

“डीएनए.”

“तो तर नुसता बसून असतो म्हणाली होतीस. पाककृतीच्या वहीसारखा.”

“हा आम्ही बनवलेला. ही वही स्वतःच सुरी चालवते, पापा. आत एक साखळी आहे, तिचा एक दुवा कच्चा ठेवलाय. शिसं आलं की हा डीएनए तो दुवा कापतो. कापला की उजेड.”

“तुझ्या आईच्या वहीनं उभ्या जन्मात एक कांदा कापला नाही.”

“दे इकडे, मी भरते.”

“माझ्या घरचं पाणी मी भरणार,” म्हणत तो नळी घेऊन सिंककडे वळला. तिच्याकडे पाठ करून, धंद्याला शोभेल अशा निगुतीनं त्यानं नळी भरली आणि झाकण घट्ट लावलं. ग्रात्सिएलानं ती हलवली, थोडा वेळ थांबली आणि निळी बॅटरी मारली.

नळी हिरवीगार चमकली.

“तुझी वही खोटं बोलते,” कालोजेरो म्हणाला.

“ती खोटं बोलत नाही.”

प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी तिनं स्वतः दुसऱ्या नळीत भरलं. ती काळोखीच राहिली. म्हणजे नळ्या ठीक होत्या. कालोजेरोनं नळ आवळून बंद केला.

“तुझी दुधाची पहिली बाटली या पाण्यात झाली,” तो हळू म्हणाला. “तुझी आई शेवटपर्यंत हेच पाणी प्यायली.”

मग त्यानं टोमॅटोच्या पाट्यांमागून फावडं काढलं.

रस्त्याकडची चावी बंद केल्याशिवाय पाइप उघडता येत नव्हता, आणि ती चावी दोन घरांची होती. दुसरं घर नुन्त्सियाताचं. ती त्या वेळी टबभर टोमॅटोंवर रबरी पाइपनं पाणी सोडत उभी होती.

“कालोजेरो! माझं पाणी कुठं गेलं?”

“चौकशी चालू आहे.”

“कसली मेली चौकशी? टोमॅटो उन्हात शिजायला लागले!”

“शिशाची. तुझ्याही पोटात असेल. गप्प बस.”

नुन्त्सियाता अर्धा मिनिट गप्प बसली. गल्लीच्या इतिहासात एवढी शांतता कधी झाली नव्हती. त्यानंतर तिनं नऊ घरं गाठली. बाराच्या सुमाराला बायकांनी पास्त्याची उकळती पातेली बागेत ओतली होती, आणि एक म्हातारा खड्ड्याच्या काठाशी येऊन, आपण चष्मा विसरतो तो यामुळेच का, असं विचारत होता.

खड्ड्यात पाइप सापडला. कालोजेरोनं चाकूनं खरवडला.

“बघ! तांबं. शिसं असतं तर करडं निघालं असतं.”

“मग आत कुठंतरी असेल, पापा.”

चावी उघडून त्यानं पुन्हा नळी भरली, पुन्हा स्वतःच. पुन्हा हिरवी. त्यानं नळ काढला, मग सिंक काढलं, मग सिंकमागची भिंत. नुन्त्सियाता आपले टोमॅटो ढकलगाडीत घालून बहिणीकडे निघून गेली. कालोजेरोच्या अठरा पाट्या तशाच राहिल्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात सॉस झाला नाही.

उजेड कमी झाला तसा तो खड्ड्याच्या काठावर बसला.

“उद्या तळघरातली लाइन उघडतो.”

“राहू दे, पापा. एखादी चूक कोणाच्याही हातून होते.”

“माझ्या हातून नाही झाली,” तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता.

रविवारी सकाळी तो उठला नाही. हृदय बरीच वर्षं कुरकुरत होतं, खड्ड्याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. नुन्त्सियातानं त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

नगरपालिकेची भेट पुढं ढकलली गेली. त्यांनी नेलेल्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल तेवढा आला: कालोजेरोच्या पाण्यात शिसं नाही. ग्रात्सिएलानं तो चार वेळा वाचला. मग नळी चमकली कशामुळे? शोधल्याशिवाय ती सोडणार नव्हती. तीन आठवडे तिनं घरच्या पाण्याच्या नळ्यांमागून नळ्या भरल्या. एकही चमकली नाही.

मग वडिलांचा जुना भागीदार साल्वो नळ परत बसवायला आला. त्यानं नळ हातात घेतला, अंगठा जिभेला लावला, आट्यांवरून गोल फिरवला आणि नळ आवळला.

“हे काय केलंत, काका?”

“आटे पुसले. कण राहिला तर गळतं. तुझ्या बापाचीच शिकवण. तो मिठाच्या बरणीचं झाकणही असं पुसल्याशिवाय लावायचा नाही.”

ग्रात्सिएलानं एक नळी त्याच्या हातात दिली. “भरा. झाकण पापासारखंच लावा.”

हिरवी. मग तिनं हातमोजे घालून त्याच नळाचं पाणी दुसऱ्या नळीत भरलं. काळोख.

ती स्टुलावर बसली. माणसाच्या थुंकीत तो कच्चा दुवा कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, आणि त्याला शिशाची गरज लागत नाही. म्हणून हातमोजे घाला. प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हा पहिला धडा ती अकरा वर्षं देत आली होती.

“म्हणजे तुझ्या डीएनएनं काहीच केलं नाही?” साल्वोनं विचारलं.

“नाही काका. त्याची सुरी म्यानातच होती.”

परत बसवलेल्या नळाखाली तिनं पेला भरला, पाणी पिऊन टाकलं आणि अंगणात गेली. खड्डा अजून बुजवला नव्हता. तांब्यावर चाकूची खूण दिसत होती. मीठ किती घालायचं इथपासून पोपपर्यंत बापलेक सगळ्यावर भांडले होते, आणि एक वाक्य तिनं त्याला आयुष्यात कधी दिलं नव्हतं.

“पापा, तुझं बरोबर होतं,” ती पुटपुटली.

“मोठ्यानं बोल,” कुंपणापलीकडून नुन्त्सियाता म्हणाली. “त्याला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही.”

साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ग्रात्सिएला म्हणाली, “पापा! पाणी स्वच्छ होतं! तुझं बरोबर होतं!”