लोअर विदरिंग, तालुका भोर

खेडे रम्य वाटायचे असेल तर त्यात आपली भावकी नसावी लागते. ही एक अट पाळली की चिखल, शेण, बंद दुकान, ढासळलेला बांध हे सगळे निसर्ग या सदरात जमा होते. अट मोडली की तेच सगळे गैरसोय या सदरात नावे पडते.

चंद्रशेखर हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत हिशेबखात्याचा प्रमुख होता, त्यामुळे कुठली नोंद कुठल्या सदरात टाकायची हे त्याला कुणी शिकवावे लागत नसे. सिंगापूरचा पर्मनंट रेसिडेंट, जुरोंग ईस्टला स्वतःचा कोंडो, म्हणजे पोहण्याच्या तलावासकट फ्लॅट. २००६ च्या जूनच्या सुट्टीत बायको शुभदा आणि मुलगी अनुया यांना घेऊन तो इंग्लंडातल्या लोअर विदरिंग नावाच्या खेड्यात पाच दिवस राहून आला. (अप्पर विदरिंगही असावे. ते पाहिल्याचे अद्याप कुणी कबूल केलेले नाही.)

सहलीहून आलेल्याने चार मंडळींना घरी बोलावून फोटो दाखवायचे आणि फोटो संपेपर्यंत पाने मांडायची नाहीत, असा इथल्या मराठी घरांचा अलिखित नियम आहे. पूर्वी एका भल्या गृहस्थाने आधी जेवण वाढले होते. त्याच्या स्वित्झर्लंडला शेवटपर्यंत फक्त त्याची सासू उरली.

परतल्यावरच्या शनिवारी सिंगापूरच्याच वुडलँड्सहून संजीव आणि नीलिमा हे जोडपे आले. नीलिमाचा भाऊ शैलेंद्रही आला. तो पुण्याचा बिल्डर, आणि त्याचे काम फोटोंशी नव्हते. भोर तालुक्यातल्या करंजघळ या गावी चंद्रशेखरचे वडिलोपार्जित घर आणि मागची टेकडी होती; ती शैलेंद्रला हवी होती. सातबाऱ्यावर नाव थोरल्याचे, म्हणजे चंद्रशेखरचे. राहत होता धाकटा, प्रबोध. पडवीत त्याची पिठाची गिरणी होती आणि तिच्यावर त्याचे घर चालत होते. कागद सहीसाठी टीव्हीखाली ठेवलेला होता. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत होता. अशा वातावरणात इंग्लंड सुरू झाले.

"हे आमच्या कॉटेजचं दार," चंद्रशेखर म्हणाला. "तीनशे वर्षांचं. इतकं बुटकं, की मी तीनदा डोकं आपटलं."

"अगंबाई, किती गोड!" नीलिमा म्हणाली.

"करंजघळच्या दाराला एकदा आपटलं, तर आठ दिवस भावजींना बोलत होतात," शुभदा आतून म्हणाली. "इथे पैसे देऊन आपटलंत."

चंद्रशेखरने फोटो पुढे नेला. बसथांबा. बस आठवड्यातून दोनदा. ("म्हणजे गर्दी नाही," संजीव.) मोबाइलला रेंज नाही. ("म्हणजे शांतता.") पाच दिवस पाऊस. ("म्हणजे हिरवळ.") दुकान एकच, तेही दुपारी बंद. दुकानवाल्या म्हातारीने कोण, कुठले, कुणाकडे उतरलात, मुलगी एकच का, इथपर्यंत चौकशी केली.

"माणुसकी आहे हो अजून तिथे," संजीव म्हणाला. वुडलँड्सच्या ब्लॉकमध्ये त्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्याचे नाव त्याला सात वर्षांत ठाऊक नव्हते, आणि या व्यवस्थेची तो एरवी तारीफ करीत असे.

मग बाकावरचा म्हातारा आला. डोक्याला लोकरी टोपी, हातात काठी, पायाशी कुत्रे.

"हा रोज इथेच बसून असतो," चंद्रशेखरचा आवाज हळवा झाला. "येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, कुठे निघालात? बास. एवढंच. पण हा नसला तर गाव गाव वाटणार नाही."

"जरा मागे घ्या हा," शैलेंद्र म्हणाला. कागदावरून त्याची नजर प्रथमच टीव्हीवर गेली होती. "आणि ते दारही पुन्हा दाखवा."

तेवढ्यात प्रबोधचा फोन आला. चंद्रशेखर बाल्कनीत गेला.

"दादा, तो बिल्डर तिकडे आलाय म्हणे. सही नको रे करू. गिरणी कुठे हलवू मी?"

"अरे, भोरला फ्लॅट घे. तुझा वाटा देतोच आहे मी. तिथे आहे काय? एसटी दिवसातून दोनदा. रेंज नाही. आत्तासुद्धा तू टेकडीवर चढून बोलत असशील."

"झाडावर."

"बघ! पाऊस लागला की चार महिने चिखल. आणि पाऊल टाकलं की पारावरचा जो तो विचारणार, कुठं निघालास, कधी आलास, किती मिळतं. माणसाला काही प्रायव्हसी?"

"पारावर मीच असतो दादा बहुतेक. दळण नसलं की."

"तेच म्हणतोय मी. तिथे राहून तू बसून राहण्यापलीकडे काय करणारेस?"

 मग रेंज गेली.

अनुया बाल्कनीलगतच्या सोफ्यावर पाय वर घेऊन ऐकत बसली होती. "पपा, सेम सेम लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "देअर गॉट डक, काकाज् प्लेस गॉट बफेलो."

"तुला नाही कळायचं," चंद्रशेखर म्हणाला. फरक काय तो मात्र त्याला चटकन सापडेना, म्हणून त्याने सही केली. मसालेभात वाढला गेला. जाताना शैलेंद्रने कागद घेतला आणि अत्यंत नम्रपणे सगळे फोटो पेन ड्राइव्हवर मागून घेतले. इतक्या वर्षांत कुणी पाहुण्याने आपणहून फोटो मागितले नव्हते. चंद्रशेखरला भरून आले.

दीड वर्षाने ऑर्चर्ड रोडच्या एका हॉटेलात भारतातल्या घरांचे प्रदर्शन भरले. अनिवासी माणसाला मातृभूमीची ओढ चौरस फुटांत मोजून मिळावी म्हणून अशी प्रदर्शने भरतात. समोसे मोफत असतात. तिथे शैलेंद्रच्या स्टॉलवर 'विदरिंग मेडोज : पुण्यापासून दोन तासांवर अस्सल इंग्लिश खेडे' असा फलक होता. माहितीपत्रकात वैशिष्ट्ये दिली होती: जाणीवपूर्वक बुटकी दारे. मोबाइल टॉवरपासून मुक्तता. वाहतूक दिवसातून दोनच वेळा. चार महिने हमखास धुके (चिखल नैसर्गिक). निवडक गुरे. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, 'गावात शिरताच आपुलकीने चौकशी करणारा खराखुरा ग्रामस्थ'.

चंद्रशेखरने तिथल्या तिथे एक कॉटेज बुक केले. संजीवने शेजारचे घेतले. शुभदा एवढेच म्हणाली, "जागा ओळखीची वाटते नाही?" त्यावर तो म्हणाला, जागा तीच असली तरी आता तिचे व्यवस्थापन आहे.

ताबा घ्यायला तो एकटाच गेला. मे महिना होता. पाराभोवती लोखंडी बाक आले होते आणि बाकावर लोकरी टोपी, काठी, कुत्रे अशा थाटात एक म्हातारा घाम पुसत बसला होता. प्रबोध बेचाळीस वर्षांचा होता, पण कंपनीने दाढी वाढवायला लावून ती पांढरी करून घेतली होती. भोरच्या फ्लॅटमध्ये गिरणीला सोसायटीने परवानगी दिली नव्हती, आणि या कामाचा अनुभव त्याच्याइतका गावात कुणाला नव्हता.

चंद्रशेखर थबकला. प्रबोध उठला. नियमाप्रमाणे उठायचे असते.

"कुठं निघालात, सर?"

"प्रबोध, अरे, मी..."

"घरमालकांना नावानं, नात्यानं हाक मारायची नाही, असं लिहून घेतलंय," प्रबोध हळूच म्हणाला. "सुपरवायझर बघतोय. फोटो काढायचा तर काढा."

चंद्रशेखरने काढला. मग कॉटेजमध्ये शिरताना त्याने जुन्या सवयीने डोके आपटले. बरोबर त्याच जागी.

पुढच्या शनिवारी जुरोंग ईस्टला फोटो झाले. बाकावरच्या म्हाताऱ्याला सगळ्यांनी दाद दिली. "चेहऱ्यावर काय समाधान आहे!" नीलिमा म्हणाली. हा कोण, कुणाचा, असे कुणी विचारले नाही. शुभदाने दिवा लावला आणि न विचारताच पाने मांडायला घेतली.

तुम्ही तिथे असता तर नक्की विचारले असते. तुमचे तसे नाही. तुमच्या गावच्या घरात सध्या कोण राहते, आणि सहीसाठी तुमच्याकडे आलेला कागद कुठल्या खणात आहे, हे तुम्हाला पाठच असेल.