परबकाका आणि इमारतीचा पेनड्राइव्ह

बोरिवली पूर्वेला आमच्या इमारतीत तळमजल्यावर परबकाका राहायचे. त्यांची बेल वाजवली की दार लगेच उघडत नसे. आधी आतून प्रश्न यायचा, "दिवा लागतो का?"

दारात आलेला माणूस बिघडलेला पेनड्राइव्हच घेऊन आला असणार, हे ते गृहीत धरत. पेनड्राइव्हच्या टोकाचा बारीक दिवा लागतो की नाही हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं त्यांना निरर्थक वाटे. इस्त्रीवाल्यालाही हाच प्रश्न असायचा. तो सवयीने "लागतो, लागतो" म्हणायचा आणि कपडे आत द्यायचा.

परबकाका मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. काकांची सगळी नोकरी अंधेरीच्या एका कंपनीत युनिक्सची मोठी यंत्रं सांभाळण्यात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातली फुकट मिळणारी सिस्टिम, टाकलं आणि इमारतीतल्या आजारी पेनड्राइव्हसाठी जणू दवाखानाच उघडला. फी नव्हती. अट एकच, मध्ये बोलायचं नाही.

मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. बातम्यांच्या फाइल पेनड्राइव्हवर घालून ऑफिसात न्यायचो, त्यामुळे त्यांचा नेहमीचा पेशंट होतो. पेनड्राइव्ह लावण्याआधी काका पडद्यावर एक काळी खिडकी उघडत. यंत्राला आत जे जे जाणवतं त्याचे निरोप तिथे पांढऱ्या अक्षरांत एकाखाली एक येत.

"आधी तो काय म्हणतो ते ऐकू," काका म्हणायचे. "तू काय म्हणतोस ते मागाहून."

एकदा मी म्हटलं, "काका, ऑफिसातला कॉम्प्युटर सारखा फॉरमॅट करू का विचारतो. करून टाकू?"

"ताप इलो म्हणून माणसाक जाळतत काय रे, मेल्या?"

रागावले की ते मालवणीत शिरत. खूश झाले तरीही. त्यामुळे नक्की काय झालंय हे चेहरा बघून ठरवावं लागे.

कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत पेनड्राइव्ह लावलेला त्यांना खपत नसे. पुढच्या खाचेची वायर लांबची, तिथे वीज कमी पोचते, असं त्यांचं म्हणणं. "पुढचो दरवाजो पाव्हण्यांक, मागलो घरच्यांक," म्हणत ते टेबलाखाली वाकून मागच्या बाजूला तो लावत आणि निम्मे आजार तिथेच बरे होत. उरलेल्यांची आधी जशीच्या तशी प्रत काढली जाई. मग जे काय कापायचं-शिवायचं ते प्रतीवर. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म होता.

दुसरा धर्म म्हणजे 'सिंक'. आतलं लिखाण पुरं करून घे, असं यंत्राला सांगणारा हा हुकूम. पेनड्राइव्ह काढण्याआधी काका तो तीनदा टाइप करत. एकदा पुरतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

"एकदा त्याला सांगायला," काका म्हणाले, "एकदा आठवण करायला आणि एकदा माझ्या जिवाला. अरे, पडद्यावर 'झालं' आलं म्हणजे झालं नसतं. तो कारकुनासारखा मान डोलावतो. लिहितो मागाहून."

गॅसचं बटणही ते तीनदा बघत. वाण्याकडून निघताना तीनदा "येतो" म्हणत. वाणी तिसऱ्या "येतो"पर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत नसे.

इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरं रिकामी करायची होती. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला भाड्याने जाणार होतं. आमचे सेक्रेटरी मेहताभाई यांनी ठरवलं की निघण्याआधी इमारतीतल्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो प्रत्येक घराला द्यायचे. हळदीकुंकू, कोजागिरी, सत्यनारायण, गच्चीवरच्या मुलांच्या शर्यती, सगळं सोसायटीच्या एकाच पेनड्राइव्हवर होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मेहताभाईंच्या मंदावलेल्या लॅपटॉपवर काकांनीच मागे लिनक्स घालून दिलं होतं. शेवटच्या कार्यक्रमाचे फोटो त्यावरून पेनड्राइव्हवर टाकताना पडद्यावरची पट्टी भरली आणि मेहताभाईंनी पेनड्राइव्ह उपटला. पुन्हा लावला तेव्हा तो रिकामा दिसत होता.

मी खाली पोचलो तेव्हा दोघं समोरासमोर उभे होते.

"परबभाऊ, तुमची सिस्टिम बोलली, झालं. मी काढला. माझी काय चूक?"

"उतू जाणारं दूध ग्यासवरून उचलतात तसा उचललात तुम्ही तो."

"अरे पण पट्टी फुल होती ना. आता सगळ्यांना काय सांगू? वाट लागली ना यार."

काकांनी पेनड्राइव्ह घेतला, दिव्याची चौकशीही केली नाही. मेहताभाई गेल्यावर मला म्हणाले, "त्यांना सांगायला हवं होतं मी. सिस्टिम घालून दिली आणि सवय द्यायची राहिली."

दोन दिवसांनी फोटो सापडल्याचं कळलं. कोणता फोटो कुठे आहे ती पेनड्राइव्हमधली यादी पुसली गेली होती, फोटो जागेवर होते. काकांच्या प्रोग्रामने प्रत पिंजून ते एक एक करून बाहेर काढले. फक्त त्यांची नावं आणि तारखा गेल्या होत्या. कोजागिरीत सत्यनारायण, सत्यनारायणात शर्यती, असा सगळा काला झाला होता. मेहताभाई म्हणाले, चालेल, तसेच द्या. काका म्हणाले, असे नाही द्यायचे.

त्यानंतर पेनड्राइव्ह येईना. मेहताभाई विचारत, काका म्हणत, क्रम लावतोय. लोक निघायला लागले. दोन घरं फोटो न घेताच गेली. शेवटी रविवारी सकाळी मेहताभाईंनी मला पाठवलं. "तू जा. तुझं ऐकतो तो. माझ्याशी दुधाच्या भाषेत बोलतो."

काकांच्या घरात खोकी बांधून झाली होती. ते दहिसरला एका खोलीत जाणार होते. कॉम्प्युटर तेवढा टेबलावर होता. मेहताभाईंनी आणून दिलेला नवा पेनड्राइव्ह मागे लावलेला होता आणि फोटो वर्षावर्षांच्या फोल्डरमध्ये नीट लागले होते.

"तारखा कशा कळल्या?" मी विचारलं.

"पोरांच्या उंचीवरून. जिन्याच्या रंगावरून. तुझ्या आईने चष्मा कधी घेतला ते माहिती आहे मला."

"मग द्या. मेहताभाई थांबलेत."

त्यांनी पेनड्राइव्ह सोडवायचा हुकूम दिला. यंत्राने नकार दिला. कोणीतरी अजून आत आहे, पेनड्राइव्ह वापरात आहे, असा त्याचा निरोप होता.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

काकांनी काळी खिडकी बाजूला सारली. तिच्यामागे एक फोटो उघडा होता. गच्चीवर कोजागिरी. आमचं घर, पाटणकर, मेहता, सगळे दाटीवाटीने उभे.

"मीच," काका म्हणाले. "सकाळपासून."

मी फोटोत त्यांना शोधलं. नव्हते. दुसऱ्यातही नव्हते, कारण सगळे फोटो त्यांनीच काढलेले. कॅमेरा सोसायटीचा, म्हणून फोटो सोसायटीचे. स्वतःकडे एक ठेवणंही त्यांना चोरी वाटे. प्रत्येक घराला द्यायचे, त्यात स्वतःचं घर त्यांनी धरलंच नव्हतं.

"एरवी माझ्याकडे माणूस येतो तो वाकडं तोंड करून," ते म्हणाले. "काहीतरी बिघडलेलं असतं ना. इथे बघ. एकूण एक जण माझ्याकडे बघून हसतोय. मेहतासुद्धा."

मी तिथूनच मेहताभाईंना फोन लावला. परबकाकांना एक प्रत ठेवायची आहे, सोसायटीची हरकत आहे का, असं विचारलं.

"अरे त्याला बोल, दोन ठेव," मेहताभाई म्हणाले. "हे पण विचारायचं असतं काय?"

काकांनी प्रत काढायला लावली. पट्टी सरकत भरत गेली आणि भरली. मी उठलो. काका उठले नाहीत. त्यांनी पुढचा फोटो उघडला.

"बस रे जरा," ते म्हणाले. "ही पाटणकरांची धाकटी ना? दात पडलेत बघ पुढचे."