जीभ वर

कौसामावशी माणसाचं तोंड नंतर बघते, आधी पाय. दारात पाहुणा आला की "या, बसा" नाही, "चप्पल कुठंय?" हा पहिला प्रश्न.

आमच्या गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. गळ्यात दोरीला अडकवलेलं नेलकटर. मागच्या लग्नसराईत तिनं मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाचा हात धरून त्याची नखं कापली. वऱ्हाड हसून बेजार, नवरदेव रडकुंडीला. चिखलात चप्पल रुतते म्हणून हळदीच्या वावरात बाया अनवाणी खुरपायला बसल्या, की ही बांधावरून ओरडते, "मातीला तोंड असतंय गं बायांनो. जंत पायातून आत शिरतात अन् रगत पिऊन राहतात." आम्ही हसायचो. घरी आल्यावर मी मात्र तळपाय दोनदा धुवायची.

जंताच्या गोळीच्या दिवशी अख्खं गाव तिला टरकून असतं. लेकरानं गोळी चावली की हुकूम सुटतो, "आ कर. जीभ वर."

यंदा मीच टरकले होते. माझी पाच वर्षांची चिऊ पिवळी पडली होती, भिंतीची माती खायची. तिला गोळी हवी हे मला कळत होतं. पण शेजारच्या गावात गोळी खाल्ल्यावर एका पोराच्या उलटीतून जंत पडला असं ऐकलं होतं. मीच चिऊला शिकवलं, गोळी जिभेखाली ठेव आणि बाहेर येऊन थुंक.

"जीभ वर," मावशी म्हणाली. गोळी तिथंच होती.

तिनं ती बोटानं काढून टाकली आणि पुढच्या लेकराला हाक मारली, त्यानं मी जास्त घाबरले. चिऊला घेऊन घरी आले, तर थोड्या वेळानं मावशी दारात. आता गल्लीसमोर माझी लाज काढणार, म्हणून मी तिला आत घेऊन दार लोटलं. ती खाली बसली.

"भांडायला न्हाई आले, माय. मीबी माझ्या सुमीला असंच शिकवलं व्हतं. लई भ्या वाटायचं गोळीचं. पोरगी पांढरीफटक पडली तरी मला कळलं न्हाई. पहिल्या बाळंतपणात डाक्टर म्हणले, अंगात रगतच न्हाई. गेली. गोळीनं वाचली असती का, कुणाला ठावं. पन थुकायला मी लावली, हे मला ठावं हाय."

अंगणवाडीच्या सेविकाबाईंकडून मागून आणलेली दुसरी गोळी तिनं चिऊच्या हातावर ठेवली. चिऊनं ती कराकरा चावली.

"जीभ वर," मावशी म्हणाली. जिभेखाली काही नव्हतं.

मग ती उठेचना. चिऊच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, "मावशी, अंगणवाडी उघडी असेल ना?"

"असू दे. जरा बघते. मला अजूनबी भ्याच वाटतंय."

दिवे लागायच्या सुमारास चिऊनं भाकरी मागितली, तेव्हा कुठं ती निघाली. तिची चप्पल सरळ करून द्यावी म्हणून मी उंबऱ्याबाहेर वाकले. चप्पल नव्हतीच.

"चप्पल कुठंय, मावशी?"

तिनं खाली पाहिलं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत मातीनं भरले होते. मी माझी चप्पल काढून तिच्यापुढं ठेवली.