नाही म्हणण्याचा सराव

कॉलेजचं पत्र ऑगस्टात आलं होतं आणि लुबर्टनी त्याला उत्तर दिलंच नव्हतं. समाजकार्याचे विद्यार्थी दर मंगळवारी आपल्या घरी आलेले चालतील का, एवढीच विचारणा होती. 'नको' म्हटलं की विषय संपला असता. पण या निवृत्त ग्रंथपालाला नुसतं 'नको' उद्धट वाटे, आणि ते मऊ करायला जावं तर वाक्याच्या शेवटी 'हो' होऊन बसे. सगळे मसुदे टोपलीत गेले.

कॉलेजच्या शास्त्रात मात्र मौनालाही अर्थ असतो. उत्तर न देणारं घर म्हणजे 'समाजापासून तुटलेलं कुटुंब'. तिथे तर आधी जायला हवं. म्हणून फेन्ना आणि सीब्रेन हे दोन विद्यार्थी सायकली कुंपणाला टेकवून दारात हजर झाले.

लुबर्टनी कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. शहाणा पाहुणा एवढ्यावर उठतो. पण आपण पाहुणे नाही, असं या दोघांना वर्गात शिकवलेलं होतं.

"ते असेच आहेत रे," लुबर्टची बायको आल्टये म्हणाली. "हातात पुस्तक दिलं की झालं."

'पत्नीला परिस्थिती अंगवळणी पडली आहे,' फेन्नाने टिपून घेतलं.

उपाय ठरला: माणसं. दर मंगळवारी वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊन आळीतली कुटुंबं लुबर्टच्या बैठकीत जमू लागली. आल्टयेला पत्त्यांचे भिडू मिळाले. पोरांनी ज्ञानकोशाच्या खंडांचे किल्ले बांधले. लुबर्ट न्हाणीघरात कडी लावून वाचू लागले. एकलकोंडेपणा बळावतोय, असा निष्कर्ष सीब्रेनने काढला, आणि भेटी आणखी वर्षभर चालू ठेवायची शिफारस कॉलेजकडे गेली. कुटुंबाने लेखी नकार दिला तरच ती थांबणार होती.

हे ऐकून लुबर्ट पुन्हा मसुदे लिहायला बसले. तेही टोपलीत गेले.

"काका, तुमचं खरं दुखणं सापडलंय," पुढच्या मंगळवारी फेन्ना म्हणाली. "तुम्हाला नाही म्हणता येत नाही."

"हो," लुबर्ट म्हणाले.

"बघा. आत्तासुद्धा."

लगेच सराव सुरू झाला. सीब्रेनने त्यांची सायकल मागितली.

"ने की," लुबर्ट म्हणाले. "हवा तेवढी कमी आहे."

"लग्नाचंही असंच झालं," पत्ते पिसता पिसता आल्टये म्हणाली. "विचारलं मीच होतं."

शेवटी त्यांना धडा दिला गेला: ज्याला मनापासून नकार द्यायचाय, त्याला आत्ताच लिहून टाका. लुबर्टनी टेबलाचा खण उघडला, कॉलेजचं जुनं पत्र काढलं आणि वरचा पत्ता पाकिटावर उतरवला. मग लिहू लागले. दोघं विद्यार्थी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. लोकांची खाजगी पत्रं वाचायची नाहीत, हे त्यांचं तत्त्व होतं.

कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीपर्यंत दोघं सोबत आले. फटीपाशी लुबर्टचा हात अडला.

"त्यांना वाईट वाटलं तर? तशी चांगली आहेत हो ती."

सीब्रेनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते त्यांचं ते बघतील."

"शिकतील त्यातून काहीतरी," फेन्ना म्हणाली.

पाकीट आत पडलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या.