जावेकडे गेलेला धबधबा

भाताची लावणी उरकल्यावर भेकरवाडीच्या धबधब्याने ग्रामपंचायतीकडे रजा मागितली. कारण विचारलं तर म्हणाला, माणसांनी थकवलंय. अंगावर साबण, कुंडात काचा आणि कानाशी दिवसभर स्पीकर. सरपंचांनी रजा मंजूर केली आणि दुसऱ्या दिवशी कडा कोरडा पडला.

गुणाबाई ढेबेची भज्यांची टपरी धबधब्याच्या पुढ्यातच होती. रजेचं तिला वाईट वाटलं नाही. दमला असेल, पडू दे निवांत कुठेतरी, असंच ती म्हणाली. पण आठवडाभरात गुराख्यांनी बातमी आणली की धबधबा दरीपलीकडे, तिच्या धाकट्या जावेच्या, हिराच्या घरामागे पडतोय. तेव्हापासून गुणाबाईच्या घशाखाली घास उतरेना.

वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडची जमीन तिने हट्टाने मागून घेतली होती. हिराच्या वाट्याला पलीकडचा उतार आला. इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला धबधब्याचं कौतुक सांगितलं ते गुणाबाईने. हिराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि गेला तो हिराकडे.

गुणाबाई दरी उतरून पलीकडे चढली. हिरा ओसरीवर नाचणी पाखडत होती. तिने जावेला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. धबधबा घरामागे हलक्या आवाजात पडत होता. कुंडाच्या कडेला शेवाळ धरलं होतं, त्यावर बेडूक बसले होते. इतका देखणा तो गुणाबाईच्या दारात कधी दिसला नव्हता. तेच तिला सोसवेना.

“हिच्यात असं काय आहे?” तिने त्याला सरळच विचारलं.

“ती मला कुणाला दाखवत नाही,” धबधबा म्हणाला.

गुणाबाईने पदर खोचला. मग परत यायचं काय घेशील, म्हणाली. त्याने अटी सांगितल्या. लोकांनी करवंदीच्या जाळीपाशी थांबायचं, कुंडात उतरायचं नाही, गाणी लावायची नाहीत, टपरी रस्त्याला न्यायची. आणि शुक्रवार ते रविवार तो हिराकडेच राहणार. बाकीचं तिने लगेच मान्य केलं. निदान रविवार तरी माझ्याकडे दे म्हणून ती खूप भांडली, पण तो बधला नाही. शेवटी ग्रामसभेने तसा ठराव केला.

आता चार दिवस तो इकडे पडतो. जाळीपलीकडे कुणी पाऊल टाकलं की गुणाबाई झारा घेऊन उठते. कुंडाला शेवाळ धरू लागलंय. पलीकडच्याइतकं हिरवं नाही, एवढं तिला दिसतं.

रविवारी गाड्या भरून लोक येतात आणि कोरडा कडा पाहून चिडतात. धबधबा तिच्या जावेकडे असतो हे कुणीतरी ऐकलेलं असतं. मग ते टपरीशी येऊन जावेच्या घराची वाट विचारतात. वारा पलीकडचा असेल तर पाण्याचा आवाजही येत असतो.

गुणाबाई कढईतली भजी उलटत राहते.

“मला जाऊ नाही,” ती सांगते.