दाढेवरची टोपी

पगारपत्रकात ‘कॅप, वर्षातली दुसरी’ म्हणून कपात दिसली, तेव्हा हवालदारांचा हात आधी डोक्याकडे गेला. टोपी जागेवर होती.

“अहो, ती नव्हे,” बायको म्हणाली. “दाढेवर बसवलीत ती!”

लष्करी दवाखान्यात दाढेवर धातूची कॅप फुकट बसवतात. पण तिथल्या चिठ्ठीवर नुसतंच ‘कॅप, एक’ लिहिलेलं, आणि पगार-कारकुनाला डोक्यावरची सोडून दुसरी कॅप ठाऊक नव्हती. वर्षाला टोपी एकच फुकट, दुसरीचे पैसे कापायचे. पैशांचं हवालदारांना एवढं नव्हतं. पण आठ दिवसांवर निवृत्ती आलेली. नावावर एखादी सरकारी वस्तू जमा करायची राहिली तर नवरा-बायकोचं कायमचं उपचार-कार्ड अडणार. कार्ड नाही तर बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाही. ती बिचारी जिना बसत-बसत चढायची, आणि ते पाहून हवालदारांचा जीव तुटायचा.

“सोपं आहे,” कारकून म्हणाला. “दुसरी टोपी स्टोअरला जमा करा. कपात रद्द.”

“ती तोंडात आहे.”

“हवालदार, तीस वर्षांत असली सबब ऐकली नाही बुवा!”

हवालदारांनी आ केला. कारकुनाने चष्मा सावरून आत डोकावून पाहिलं. पटलं त्याला, पण फॉर्मात तोंडाचा रकानाच नव्हता. तेव्हा हवालदार तडक स्टोअरमध्ये गेले आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. दाढेची गोष्ट ऐकून स्टोअरवाल्याने ‘दुसरी कॅप जमा’ असा शिक्का मारला. झालं!

झालं कसलं? कार्डावर साहेबांची सही हवी. साहेबांसमोर सॅल्यूटशिवाय जायचं नाही, आणि उघड्या डोक्याने सॅल्यूट ठोकायचा नाही. हवालदार जिन्याखालीच अडकले.

“सरा बाजूला,” सोबत आलेली बायको म्हणाली. “मला कुठे सॅल्यूट करायचाय?” आणि कठडा धरून ती वर गेली.

“हवालदार कुठेत?” साहेबांनी विचारलं.

“खाली. जन्मभर मला टोप्या घातल्या, आज स्वतःला एक उरली नाही.”

सगळी हकिगत ऐकून साहेब इतके हसले, की सही वाकडी झाली. पण झाली.

कार्ड फडकावत ती खाली आली. हवालदारांना आनंद आवरेना. सगळी बत्तिशी दाखवत ते हसले. दाढ लखकन चमकली.

जेवायला निघालेला स्टोअरवाला घाबरून जवळ आला.

“हवालदार, तोंड मिटा आधी! जमा केलेला माल दिसतोय!”